जुन्या फोनचा घरासाठी अँटेना: सड्याखालच्या चिरेबंदी घरात नेट कसं आणायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. घर कोकणात, राजापूर तालुक्यात, सड्याखालच्या (डोंगरावरच्या कातळी पठाराखालच्या) वाडीत. पुढची पडवी आणि माजघर जुनं, चिऱ्याचं आणि कौलारू; मागे नंतर बांधलेल्या स्लॅबच्या दोन खोल्या. घरात रेंज नाही. खळ्याच्या एका कोपऱ्यात किंवा माळ्यावर चढलं की फोरजी येतं. गणपतीपासून दिवाळीपर्यंत गावी राहून ऑफिसचं काम करायचं आहे, आई-वडिलांचे कॉलही लागले पाहिजेत. एक जुना अँड्रॉइड फोन पडून आहे. त्याचाच अँटेना करून घरभर नेट फिरवता येईल का? आणि व्हिडिओत दाखवतात तसा फोन परातीत ठेवला तर रेंज खरंच वाढते का?

नेट मिळेल, आणि मीटिंगा चालतील इतपत मिळेल. मी याच पट्ट्यात घरांना आणि होमस्टेंना नेट जोडून देतो. फायबर येईपर्यंत कितीतरी घरं अशीच चालतात. पण एक गैरसमज आधी काढून टाकू. फोन रेंज वाढवत नाही, ती ताकद त्याच्यात नाही. ‘सिग्नल बूस्टर’ नावाची ॲपं तर निव्वळ जाहिराती दाखवायला असतात, ती उडवून टाका. जिथे रेंज आहे तिथे बसून टॉवरशी बोलायचं आणि मिळालेला डेटा वायफायने किंवा केबलने पुढे द्यायचा, एवढंच फोन करतो. त्यामुळे रेंज ओढून घरात आणायच्या नादी लागू नका. फोन रेंजमध्ये नेऊन ठेवा आणि खाली फक्त डेटा उतरवा.

याचं कारण केबलमध्ये आहे. लोक कौलावर अँटेना लावतात आणि तिथून बाजारात मिळणारी बारीक काळी कोॲक्स वायर खाली राउटरपर्यंत आणतात. आरजी-५८ जातीची ही वायर २३०० मेगाहर्ट्झला (फोरजीचा एक पट्टा) दर मीटरमागे साधारण १ डीबी (सिग्नलची घट-वाढ मोजायचं माप) खाते. दहा मीटर वायर म्हणजे १० डीबी, म्हणजे वर पकडलेल्या शक्तीचा फक्त दहावा हिस्सा खाली पोहोचतो. अँटेनाने जे कमावलं ते वायरने घालवलं. उलट लॅन केबलमधून डेटा १०० मीटरपर्यंत काही न गमावता येतो. अँटेना, रेडिओ आणि बॅटरी एकाच डबीत असलेला फोन माळ्यावर ठेवला की ही वायरच मधून निघून जाते.

फोन बरा की सिमचा डोंगल, असंही लोक विचारतात. स्वस्त डोंगल आणि साधे सिम-राउटर बहुतेक कॅटेगरी ४ चे असतात. ते एका वेळी एकच बँड (लहरींचा पट्टा) वापरतात आणि कागदावर १५० एमबीपीएसला थांबतात. चार-पाच वर्षांपूर्वीचा मध्यम किमतीचा फोन दोन-तीन बँड एकत्र जोडू शकतो, आणि काही फोनांत अँटेनाही जास्त असतात. म्हणून फोन पडून असेल तर डोंगल विकत घ्यायची घाई करू नका.

आता जागा. निम्म्याहून जास्त यश इथेच ठरतं, म्हणून यावर वेळ घालवा.

कांड्या बघून जागा ठरवू नका. किती सिग्नलला किती कांड्या दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते, त्यामुळे एका फोनच्या चार कांड्या दुसऱ्याच्या दोन असू शकतात. आकडा बघा. सेटिंग्जमध्ये ‘फोनबद्दल’ या भागात सिमच्या स्थितीत तो डीबीएममध्ये (सिग्नलच्या ताकदीचं माप) दिसतो. डायलरवर *#*#४६३६#*#* टाकलं तरी बऱ्याच अँड्रॉइड फोनांत चाचणीचं पान उघडतं. नेटमॉन्स्टर किंवा सेलमॅपरसारखं ॲप घेतलं तर बँड, टॉवरचा क्रमांक आणि सगळे आकडे एकाच ठिकाणी मिळतात.

त्यातले दोन आकडे तुमच्या कामाचे. पहिला आरएसआरपी, म्हणजे टॉवरचा सिग्नल किती जोरात येतो. तो उणे असतो आणि शून्याकडे सरकेल तितका चांगला. उणे ९० च्या आत आला तर उत्तम. उणे १०० ते ११० मध्ये काम नीट चालतं. उणे ११५ च्या पलीकडे कुरकूर सुरू होते, आणि १२० ला मीटिंग अधूनमधून तुटणार हे धरून चला. दुसरा एसआयएनआर, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ आहे. याच्याकडे कोणी बघत नाही आणि वेग मात्र मुख्यतः हाच ठरवतो. शून्याच्या खाली वाईट, दहाच्या वर चांगला, वीसच्या वर फारच छान. आरएसआरपी उणे १०८ आणि एसआयएनआर १४ असलेली जागा मी उणे ९२ आणि १ असलेल्या जागेपेक्षा डोळे मिटून निवडेन. दुसऱ्या जागी दोन टॉवर एकमेकांवर ओरडत असतात. कांड्या भरलेल्या दिसतात आणि पान उघडत नाही.

मोजताना तोच फोन वापरा जो पुढे तिथे राहणार आहे. हातात धरून मोजू नका, हात आणि अंग दोन्ही सिग्नल खातात. फोन ठेवा, बाजूला व्हा, अर्धा मिनिट थांबा, मग आकडा वाचा. जागा बदलताना एकदम हातभर नको, वीतभरच सरकवा. २३०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १३ सेंटिमीटर आहे, १८०० ची १६ ते १७. चिऱ्यावरून, पत्र्यावरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि साधारण अर्ध्या लहरीच्या अंतराने सिग्नल चढतो-पडतो. सहा-आठ सेंटिमीटरवर पाच-दहा डीबीचा फरक पडणं अगदी नेहमीचं आहे. मनासारखी जागा सापडली की तिथे खडूने खूण करा, कारण साफसफाईला कोणीतरी फोन उचलणार आणि परत ठेवताना भलत्याच जागी ठेवणार.

सड्याखालच्या घरांना एक सल्ला वेगळा द्यावा लागतो. तुमच्या डोक्यावरच्या सड्यावर टॉवर आहे म्हणून फोन त्या बाजूला ठेवावा असं वाटेल. पण तो टॉवर सड्याच्या कडेआड आहे, तुमचं घर त्याच्या सावलीत. पऱ्ह्यापलीकडच्या (ओढ्यापलीकडच्या) किंवा खाडीपलीकडच्या डोंगरावरचा टॉवर पाच-सात किलोमीटर लांब असला तरी समोरून थेट दिसत असेल तर तोच चांगला चालतो. तेव्हा दरी जिकडे उघडते त्या बाजूने मोजायला सुरुवात करा. टॉवर नक्की कुठे आहेत हे दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळावर नकाशात बघता येतं. चांगला आकडा देणारा टॉवर कुठल्या दिशेला आहे हे कळलं की माळ्याची कुठली बाजू धरायची ते कळतं.

घराच्या बांधणीचंही तसंच. मंगलोरी कौलं कोरडी असताना सिग्नल बराचसा आत सोडतात, भिजली की थोडा जास्त अडतो. चिऱ्याची जाड भिंत चांगलीच खाते. स्लॅबमध्ये लोखंडाची जाळी आहे, तिच्याखाली बसून रेंज शोधणं व्यर्थ. पत्रा सगळ्यांत वाईट. कौलं काढून पत्रे घातल्यावर ‘टॉवर बिघडला’ म्हणणारी माणसं मला दर पावसाळ्याआधी भेटतात. तुमच्याकडे कौलांखालचा माळा शाबूत आहे, हे भाग्य समजा. फोन तिथे वाशाला टेकवून उभा ठेवा, बाहेर लावायची गरजच नाही. माळा नसता तर दरीकडच्या खिडकीच्या गजांपासून हातभर आत, असं सांगितलं असतं.

बँडचा विषय थोडा क्लिष्ट आहे, पण मीटिंग नीट चालणार की नाही हे यावरच ठरतं. जिओचं फोरजी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर चालतं. बाकी खासगी कंपन्या भागानुसार ९००, १८००, २१००, २३०० किंवा २५०० यांतले पट्टे वापरतात. बीएसएनएलचं नवं फोरजी ७०० आणि २१०० वर आहे. ७०० चा पट्टा, म्हणजे बँड २८, जुन्या फोनांत अनेकदा नसतो, म्हणून बीएसएनएलचं सिम घालायच्या आधी फोनची माहिती तपासा. कमी आकड्याचा पट्टा डोंगराच्या कडेवरून जास्त वळतो आणि झाडांतूनही बरा जातो, पण त्याची रुंदी कमी असते. ५ मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यावर दोन अँटेनांचा साधा फोरजी कमाल ३७ एमबीपीएसच्या आसपास देतो, आणि तेवढ्यात त्या टॉवरखालची सगळी गावं. रात्री जेवणं झाली की सगळे मोबाइल बघायला बसतात तेव्हा वेग का पडतो ते यातून कळेल. त्यासाठीच स्पीड टेस्ट सकाळी सातला एकदा आणि रात्री नऊला एकदा घ्या. सकाळचा आकडा बघून खूश होऊ नका.

टेस्ट घेतल्यावर आधी अपलोड वाचा. टॉवर दहा-वीस वॅट आणि त्याहून जास्त शक्तीने बोलतो, तुमचा फोन जास्तीत जास्त ०.२ वॅटने. लांबच्या टॉवरचं तुमच्यापर्यंत येतं, तुमचं तिथे पोहोचत नाही. चित्रपट चालतो पण मीटिंगमध्ये ‘तुमचा आवाज तुटतोय’ असं ऐकावं लागतं, ते यामुळे. २३०० च्या पट्ट्यात चढ (अपलोड) आणि उतार (डाउनलोड) दोन्ही एकाच पट्ट्यात वेळ वाटून घेतात आणि चढाच्या वाट्याला कमी वेळ येतो. १८०० आणि ८५० वर अपलोडला वेगळा पट्टा राखलेला असतो. म्हणून डाउनलोड २५ दाखवणारा बँड ४० (म्हणजे २३००) सोडून डाउनलोड १२ आणि अपलोड ५ देणारा बँड ३ (म्हणजे १८००) घेणं मीटिंगसाठी शहाणपणाचं. काही फोनांत बँड हाताने निवडता येतो, बहुतेकांत येत नाही. येत नसेल तर जागा किंवा फोनचं तोंड बदलून हवा तो बँड पकडतो का ते पाहायचं. निदान नेटवर्कचा प्रकार ‘फक्त एलटीई’ (म्हणजे फोरजी) करून ठेवा. गावात फाइव्हजी अर्धवट येत असेल तर फोन सारखा इकडून तिकडे उड्या मारतो आणि प्रत्येक उडीला मीटिंग अडखळते.

आता परात.

परात पॅराबोला, म्हणजे टीव्हीच्या डिशसारख्या नेमक्या वाकाची, नसते, तिला नेमका केंद्रबिंदू नाही. फोनमध्येही एक अँटेना नसतो, कडेकडेने चार-सहा बसवलेले असतात आणि ते वेगवेगळ्या पट्ट्यांना वापरले जातात. त्यामुळे केंद्रात नेमकं काय ठेवायचं हा प्रश्नच सुटत नाही. शिवाय धातूचा आरसा कामाला यायचा तर तो लहरीच्या लांबीपेक्षा कितीतरी पट रुंद हवा. ८५० मेगाहर्ट्झची लहर ३५ सेंटिमीटरची आहे, तिथे दीड फुटाची परात काही करू शकत नाही. २३०० ला थोडाफार परिणाम दिसेल, पण फोन धातूला चिकटला तर आतल्या अँटेनाची जुळणी बिघडून उलट नुकसान. आणि हॉटस्पॉटचं वायफाय घराकडे जायचं असतं, ते ती परात अडवते.

तरीही करून बघायचंच असेल तर सपाट पाठ वापरा. पुठ्ठ्यावर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल चिकटवून ती फोनच्या मागे, टॉवरच्या उलट बाजूला, १८०० साठी चार-पाच सेंटिमीटर अंतरावर उभी करा. हाती फार तर दोन-तीन डीबी लागतील. खरा फायदा निराळाच आहे. मागच्या बाजूने दुसऱ्या टॉवरचा गोंगाट येत असेल तर तो या फॉइलने अडतो आणि एसआयएनआर सुधारतो. आरएसआरपी जागच्या जागी आणि वेग दीडपट, असं झालं तर त्यामागे हेच असतं. फोन खाली लॅनने जोडला असेल तरच हा प्रयोग करा.

मग खाली कसं उतरवायचं. सगळ्यांत सोपं म्हणजे माळ्यावरच्या फोनचा हॉटस्पॉट सुरू करा आणि लॅपटॉप थेट त्याला जोडा. २.४ गिगाहर्ट्झच ठेवा, ५ चा पट्टा चिऱ्याची भिंत पार करत नाही. माजघर आणि पडवी यात निघून जातील, लाकडी माळा फारसा अडवत नाही. मागच्या स्लॅबच्या खोल्या कोरड्या राहतील. त्यासाठी मध्ये एक साधा राउटर हवा, ज्यात ‘डब्ल्यूआयएसपी’ मोड आहे. तो फोनचं वायफाय घेतो आणि आपलं वायफाय पुढे देतो. घरी पडलेल्या जुन्या राउटरमध्ये हा मोड आहे का ते आधी बघा, असतो पुष्कळांत.

माझी पसंती मात्र लॅन केबलला. अँड्रॉइड ११ पासून हॉटस्पॉटच्या पानावर ‘इथरनेट टेदरिंग’ (फोनचं नेट लॅन केबलने पुढे देणं) हा पर्याय असतो. टाइप-सी हब घ्या, ज्यात लॅनचं तोंड आणि चार्जर लावायचं तोंड दोन्ही आहेत. हब फोनला, चार्जर हबला, लॅन केबल हबमधून खाली राउटरच्या वॅन (बाहेरचं नेट आत घ्यायच्या) तोंडात. हब जोडेपर्यंत तो पर्याय फिका दिसतो, घाबरू नका. काही कंपन्यांनी तो काढूनच टाकला आहे, त्यामुळे खर्च करण्याआधी आपल्या फोनच्या सेटिंग्जमध्ये शोधा. या पद्धतीत वायफाय एकदाच लागतं, तेही चांगल्या राउटरचं, आणि फोनवरचा ताप कमी होतो.

तिसरी वाट यूएसबी टेदरिंगची, राउटरच्या यूएसबी तोंडात फोन. सगळे राउटर अँड्रॉइडला ओळखत नाहीत, ओपनडब्ल्यूआरटी (राउटरमध्ये घालायची मोफत प्रणाली) चालणारे ओळखतात. इथे अडचण दोन ठिकाणी येते. राउटरचं तोंड फोनला पुरेशी वीज देत नाही, दिवसभरात बॅटरी उतरतच जाते. आणि यूएसबी केबल पाच मीटरच्या पुढे भरवशाची नाही, म्हणजे राउटरही माळ्यावरच न्यावा लागतो. हीच वाट घेणार असाल तर डेव्हलपर पर्यायांत ‘यूएसबीची मूळ रचना’ टेदरिंगवर करून ठेवा. नाही तर लाईट जाऊन आली की दर वेळी शिडी लावून माळ्यावर चढायचं, आणि तुम्ही पुण्या-मुंबईला परतल्यावर ती शिडी वडिलांनी चढायची.

फोन माळ्यावर एकटा राहणार आहे, तेव्हा त्याची तशी तयारी करा. दुसरं सिम काढा. स्क्रीन लॉक काढा. ‘कोणी जोडलेलं नसेल तर हॉटस्पॉट बंद’ ही सेटिंग बंद करा, बॅटरी बचत बंद, ॲप आणि सिस्टिमचे आपोआप होणारे अपडेट बंद. व्हॉट्सॲप, फोटो, मेल, सगळं काढून फोन रिकामा करा. जुन्या फोनवर चढवलेलं खातं फोटोंचा बॅकअप घेत बसलं तर तुमची मीटिंग त्याच्याशी भांडत असते.

बॅटरीबाबत मात्र थट्टा नाही. सतत शंभर टक्के भरलेली आणि गरम राहणारी लिथियम बॅटरी फुगते. हॉटस्पॉट, चार्जिंग आणि कौलांखालची दुपार हे तिन्ही एकत्र आले की फोन ४५ अंशांच्या वर सहज जातो, आणि त्या तापमानाला चार्जिंग करणं बॅटरीला घातक आहे. तुमचा मुक्काम गणपतीपासून दिवाळीपर्यंतचा, म्हणजे साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरचा. गणपतीत हवा गार असते, पण ऑक्टोबरची ऊन्हं लागली की माळा तापतो. कव्हर काढा, फोन उभा ठेवा, चारी बाजूंनी वारा लागू द्या, बंद डब्यात कोंबू नका. गवत, पेंढा, जुन्या गोधड्या, सुकत घातलेली सोलं, जे काही माळ्यावर आहे ते त्याच्यापासून लांब. फोनमध्ये ८० किंवा ८५ टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर ती लावा. नसेल तर भिंतीतल्या सॉकेटला साधा चावीचा टायमर लावून दिवसातून दोन-तीन तुकड्यांत चार्ज करा. हब वापरत असाल तर टायमर नको, वीज तुटताना काही हब क्षणभर लॅनही सोडतात. चार्जर कंपनीचा. मागचं झाकण उचललेलं दिसलं किंवा स्क्रीन कडेने वर आली की त्याच क्षणी चार्जर काढा, फोन बंद करा, माळ्यावरून खाली उतरवा. ती बॅटरी टोचायची नाही, दाबायची नाही, घरच्या कचऱ्यात टाकायची नाही.

लाईट जाण्याचं म्हणाल तर इथे फोनचा एक मोठा फायदा आहे. त्याची बॅटरी आतच आहे, त्यामुळे लाईट गेली तरी तो काही तास चालू राहतो. खालचा राउटर मात्र बंद पडतो. राउटरचे १२ व्होल्टचे छोटे यूपीएस मिळतात, एक घ्या.

पावसात नेट जातं ते पाऊस सिग्नल खातो म्हणून, असं सगळे म्हणतात. फोरजीच्या पट्ट्यांना पावसाचे थेंब जवळजवळ काहीच करत नाहीत. भिजलेली पानं करतात. घरासमोर हापूसची जुनी कलमं आणि नारळी-पोफळी दाट असतील तर मे महिन्यात चांगली वाटलेली जागा श्रावणात चार-सहा डीबी पडलेली दिसेल. जागा पावसाळ्यात मोजलेली असेल तर वर्षभर चालते, उलटं नाही. बाकी वेळा दोष टॉवरकडे असतो. बराच वेळ वीज नसली की टॉवरच्या बॅटऱ्या संपतात. किंवा टॉवरला जोडणारी मायक्रोवेव्हची साखळी, जी १५-१८ गिगाहर्ट्झला चालते, ती मुसळधार पावसात खरंच कोलमडते. तेव्हा तुमच्या फोनवर कांड्या पूर्ण आणि नेट शून्य असतं. त्या वेळी माळ्यावर चढून फोन हलवत बसू नका.

तुमचे महिने परतीच्या पावसाचे आहेत, म्हणजे दुपारनंतरच्या विजांचे. घराच्या वर निघणारा लोखंडी पाईप उभारू नका. कौलांखालचा फोन हा त्यामानाने सुरक्षित मार्ग आहे. लॅन केबल लांब असेल तर जवळ पडलेल्या विजेचा झटका तिच्यात उतरतो आणि राउटर जातो. गडगडाट जवळ आला की केबल आणि चार्जर दोन्ही काढून ठेवा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप विजेची सूचना देतं, ते वडिलांच्या फोनमध्ये घालून द्या. उंदीर हा माळ्यावरचा दुसरा शत्रू. लॅन केबल पीव्हीसीच्या पट्टीतून न्या, नाही तर महिनाभरात कुरतडलेली सापडेल. वानरांनी कौलं सरकवली की पाणी नेमकं कुठे टपकेल याचा नेम नाही. फोनच्या वर तिरपा प्लॅस्टिकचा तुकडा बांधा, धातूचा नको.

डेटाचा हिशेब आधीच करा. ७२० पीच्या व्हिडिओ मीटिंगला दोन्ही बाजूंनी प्रत्येकी साधारण १.२ एमबीपीएस लागतात, म्हणजे तासाला १ जीबीच्या आसपास. दिवसाला २ जीबीचा प्लॅन दुपारच्या आत संपेल. कॅमेरा बंद ठेवून फक्त आवाज ठेवला तर तासाला १०० एमबीही जात नाहीत. लॅपटॉपमध्ये हे वायफाय ‘मीटर्ड’ (मोजक्या डेटाचं) करून ठेवा, नाही तर विंडोजचा अपडेट गुपचूप दिवसाचा कोटा गिळतो. ऑफिसचा व्हीपीएन जोडला जातो पण आत काही उघडत नाही, असं झालं तर लॅपटॉपच्या किंवा राउटरच्या सेटिंगमध्ये एमटीयू (डेटाच्या एका पाकिटाचा कमाल आकार) १३०० च्या आसपास आणून बघा. व्हीपीएन आणि मोबाइल नेटवर्क पाकिटावर आपापलं वेष्टन चढवतात, त्यामुळे आत जागा कमी पडते आणि मोठी पाकिटं वाटेत अडकतात.

एक गोष्ट करू नका. ऑनलाइन मिळणारे ‘मोबाइल सिग्नल रिपीटर’ घेऊ नका, म्हणजे कौलावर एक अँटेना, खोलीत एक अँटेना आणि मध्ये डबा. परवान्याशिवाय तो बसवणं आपल्याकडे बेकायदा आहे. आणि ते बाजूला ठेवलं तरी तो डबा टॉवरकडे गोंगाट परत फेकतो आणि आख्ख्या वाडीचं नेट बिघडवतो. वायफायचे रिपीटर वेगळे, ते चालतात.

माळ्यावरच्या सगळ्यांत चांगल्या जागी, सगळ्या कंपन्यांची सिमं घालून पाहिल्यावरही आरएसआरपी उणे ११८ च्या वर येत नसेल आणि एसआयएनआर शून्याखालीच असेल, तर फोनचा नाद सोडा. मग बाहेर लावायचा, दिशा असलेला अँटेना आतच बसवलेला सिम-राउटर घ्या, जो लॅन केबलवरूनच वीज घेतो. आणि केबलवाल्याला फायबर कुठपर्यंत आलंय ते विचारत राहा.

आई-वडिलांच्या कॉलचं काम यातच होऊन जातं. त्यांच्या फोनमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन वायफाय कॉलिंग सुरू करा. एअरटेल आणि जिओ दोन्ही ते जादा पैसे न घेता देतात. घरात रेंज शून्य असली तरी कॉल माळ्यावरच्या फोनच्या नेटवरून, त्यांच्याच नंबरवर, नेहमीसारखा वाजतो, आणि बँकेचे ओटीपीही बहुधा त्याच वाटेने येतात. माळ्यावरचं सिम एका कंपनीचं आणि त्यांचं दुसऱ्या कंपनीचं असलं तरी चालतं. आईकडे बटणांचा फोन असेल तर त्यात ही सोय बहुधा नसते, त्यांचं सिम एखाद्या साध्या टचफोनमध्ये घालून तो माजघरात ठेवावा लागेल. फक्त लक्षात घ्या, आता कॉलही राउटरवर अवलंबून आहेत. लाईट गेली आणि राउटर बंद पडला तर घरात फोन वाजणार नाही. म्हणून हब, फॉइल आणि बाकी सगळं नंतर, तो १२ व्होल्टचा यूपीएस आधी घ्या.